जुना फोन नवा करायचा, तर रूट कशाला?

१. एक प्रश्न आणि त्यात दडलेले दोन प्रश्न

"फोन अजून छान चालतो. काच फुटलेली नाही, आवाज खणखणीत आहे. पण नवीन ॲप टाकायला गेलं, की 'तुमच्या फोनवर हे चालणार नाही' असं येतं. रूट केला तर चालेल का?"

जुना फोन जपून वापरणारी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात, आणि उत्तर 'नाही' असं आहे. रूट केल्यानं अँड्रॉइडची आवृत्ती एका अंकानंही पुढे सरकत नाही. रूट करणं म्हणजे फोनमधले सर्वोच्च अधिकार हातात घेणं. अपडेट करणं म्हणजे फोनची यंत्रणाच बदलून नवी बसवणं. दुकानात 'सॉफ्टवेअर मारून देतो' या एकाच वाक्यात दोन्ही कामं येतात, म्हणून त्यांची गल्लत होते. जुन्या फोनच्या मालकाला बहुतेक वेळा दुसरं काम हवं असतं, आणि त्यासाठी पहिलं करावंच लागत नाही.

या प्रकरणात आपण एकच फोन समोर ठेवू: रेडमी नोट ४. जानेवारी २०१७मध्ये तो भारतात आला आणि अक्षरशः घरोघरी पोहोचला. अजूनही तो अनेक कपाटांत चालू अवस्थेत पडून आहे. त्यातला स्नॅपड्रॅगन ६२५ प्रोसेसर फारसा तापत नाही, बॅटरी ४१०० एमएएचची आहे. शिकायला इतका सोयीचा फोन सापडणं कठीण, कारण त्यावर काम करून पाहिलेल्यांची संख्या प्रचंड आहे.

२. चांगला फोन मागे का पडतो

रेडमी नोट ४ अँड्रॉइड ६ घेऊन आला. पुढे त्याला अँड्रॉइड ७.० मिळालं. कंपनीचा वरचा साज, म्हणजे मियूआय, अकराव्या आवृत्तीपर्यंत पोहोचला आणि तिथे अधिकृत अपडेट थांबले.

ते थांबतात, कारण गूगलनं नवी आवृत्ती काढली म्हणजे ती थेट तुमच्या फोनवर येत नाही. आधी चिप बनवणाऱ्या कंपनीनं त्या चिपचे ड्रायव्हर, म्हणजे कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स हलवणारे छोटे प्रोग्राम, नव्या आवृत्तीशी जुळवायचे असतात. मग फोन कंपनीनं त्यावर आपला साज चढवून, तपासून ते पाठवायचं असतं. दोन-तीन वर्षांनी या साखळीतली एखादी कडी सुटते. फोन विकला गेलेला असतो, त्यावर आणखी खर्च करण्यात कंपनीला रस नसतो.

याचा त्रास दोन बाजूंनी होतो. पहिला सुरक्षेचा. जुलै २०१५मध्ये 'स्टेजफ्राइट' नावानं ओळखल्या गेलेल्या त्रुटी उघड झाल्या. खास तयार केलेला व्हिडिओ एमएमएसनं पाठवून फोनमध्ये शिरता येत होतं, आणि काही फोनवर तर तो उघडायचीही गरज नव्हती. त्यानंतर ऑगस्ट २०१५पासून गूगल दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या जाहीर करू लागलं. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी पॅच लेव्हल' समोर जी तारीख दिसते, ती याच दुरुस्त्यांची. त्या तारखेनंतर सापडलेली प्रत्येक खिंड तुमच्या फोनमध्ये उघडी आहे.

दुसरा त्रास जास्त लवकर जाणवतो. वेबसाइट सुरक्षित रीतीनं उघडते, तेव्हा ती एक डिजिटल दाखला दाखवते आणि तो देणारी संस्था विश्वासार्ह आहे का, हे फोन आपल्याजवळच्या यादीत पाहतो. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था असे दाखले फुकट देते, त्यामुळे असंख्य वेबसाइट तिचेच दाखले वापरतात. तिचं स्वतःचं मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१पासून यादीत आलं. त्याआधीच्या फोनसाठी दुसऱ्या एका संस्थेच्या जुन्या सहीवर काम भागवलं जात होतं. सप्टेंबर २०२४मध्ये त्या सोयीचीही मुदत संपली. आपला रेडमी नोट ४ थांबला ७.०वर. एवढ्याशा फरकानं तो रेषेच्या अलीकडे राहिला! फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत बाळगतो, त्यामुळे त्याला अडचण येत नाही. पण फोनच्या यादीवर विसंबणारी ॲप्स अडतात. क्रोमनंही २०२३मध्ये ११९व्या आवृत्तीनंतर अँड्रॉइड ७ला निरोप दिला.

तेव्हा हार्डवेअर धडधाकट असताना फोन निकामी होतो, तो या कागदोपत्री म्हातारपणामुळे. मला हे मनापासून खटकतं. पैसे मोजून घेतलेली, चालू स्थितीतली वस्तू केवळ एका यादीत नाव नाही म्हणून भंगारात जावी, हे कुणालाच पटू नये.

३. रूट म्हणजे काय

अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स आहे. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्याला क्रमांक असतो. अँड्रॉइडनं ही सोय हुशारीनं वापरली आणि प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता ठरवलं. एखाद्या सोसायटीत प्रत्येकाला फक्त आपल्या फ्लॅटची किल्ली मिळावी, तसं. गेम आपल्या खोलीत, बँकेचं ॲप आपल्या खोलीत. परवानगीशिवाय कुणी कुणाचं कपाट उघडत नाही. क्रमांक शून्य असलेल्या वापरकर्त्याचं नाव 'रूट'. त्याच्याकडे सगळ्या फ्लॅटची, गच्चीची आणि मीटररूमचीही किल्ली असते. फोन विकताना कंपनी ही किल्ली कुणालाच देत नाही, मालकालाही नाही.

ती एकदा चुकून दिली गेली होती. २००८मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये, म्हणजे टी-मोबाइल जी१मध्ये, एक विलक्षण चूक राहिली होती. तुम्ही कीबोर्डवर जे टाइप कराल, ते पडद्याआड रूटच्या अधिकारानं आज्ञा म्हणूनही चालवलं जात होतं. गप्पांच्या ओघात कुणी 'रीबूट' शब्द लिहिला, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. गूगलनं ते घाईघाईनं दुरुस्त केलं, पण तोवर हौशी मंडळींना वाट सापडली होती.

पुढची काही वर्षं रूट करणं म्हणजे अशा त्रुटी शोधून त्यांतून आत शिरणं, असंच होतं. हॅकर जॉर्ज हॉट्झचं २०१४मधलं 'टॉवेलरूट' हे त्यातलं गाजलेलं उदाहरण; लिनक्सच्या गाभ्यातल्या एका चुकीचा फायदा घेऊन ते एका बटणात काम करायचं. 'एका टॅपमध्ये रूट' असं सांगणारी ॲप्स आजही दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. फोनची खिंड वापरून सर्वोच्च अधिकार मिळवणारं अनोळखी ॲप तो अधिकार मिळाल्यावर काय करेल, हे तपासण्याचं कोणतंही साधन तुमच्याकडे नसतं. अधिकृत वाट बूटलोडरमधून जाते.

४. दारावरचा पहारेकरी: बूटलोडर

फोन सुरू केल्यावर सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. पुढची यंत्रणा कंपनीच्या सहीची आहे का, हे तो तपासतो आणि मगच तिला आत घेतो. बूटलोडर अनलॉक करणं म्हणजे ही तपासणी थांबवणं. मग दुसऱ्या कुणी बनवलेलं अँड्रॉइडही चालतं.

अनलॉक केल्यावर फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. याचा राग येतो, पण ते तुमच्याच भल्याचं आहे. तसं नसतं, तर चोरानं फोन पळवून, बूटलोडर उघडून, आपली यंत्रणा घालून तुमचे फोटो निवांत वाचले असते.

अनलॉकची परवानगी द्यायची की नाही, हे कंपनी ठरवते. मोटोरोला अनेक मॉडेल्ससाठी आपल्या वेबसाइटवरून कोड देते. शाओमी स्वतःचं साधन देते, पण वाट पाहायला लावते. ह्वावेनं २०१८मध्ये कोड देणं बंद केलं. सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये 'नॉक्स' नावाचा एक फ्यूज असतो. परकी यंत्रणा चढवली की तो कायमचा उडतो आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी मिळत नाहीत. म्हणून काम सुरू करण्याआधी आपल्या मॉडेलच्या बाबतीत कंपनीचं धोरण काय आहे, ते बघा. दार उघडणारच नसेल, तर बाकीचं वाचण्यात अर्थ नाही.

५. फोनचं खरं नाव शोधा

नवखी माणसं सर्वांत मोठी चूक इथे करतात. खोक्यावरचं नाव पुरेसं नसतं. रेडमी नोट ४ या एकाच नावाचे दोन वेगळे फोन आहेत. ऑगस्ट २०१६मध्ये चीनमध्ये आलेल्या फोनमध्ये मीडियाटेकचा हेलिओ एक्स२० प्रोसेसर होता. त्याचं आतलं सांकेतिक नाव 'निकेल'. भारतात विकला गेला तो स्नॅपड्रॅगनवाला. त्याचं नाव 'मिडो'. एकाची यंत्रणा दुसऱ्यावर चढवली, तर फोन डेड होऊ शकतो. उलट, रेडमी नोट ४एक्स हे नाव वेगळं दिसतं, पण स्नॅपड्रॅगन ६२५ असलेला तो फोनही मिडोच आहे.

कंपनीबाहेर तयार झालेल्या अँड्रॉइडला 'कस्टम रॉम' म्हणतात. त्यातलं सर्वांत भरवशाचं नाव लिनिएजओएस. स्टीव्ह कोंडिक यांनी २००९मध्ये सुरू केलेला सायनोजेनमॉड डिसेंबर २०१६मध्ये बंद पडला, तेव्हा त्याच्याच स्वयंसेवकांनी हे नाव घेऊन काम पुढे नेलं. मिडोसाठी लिनिएज आणि इतर गटांनी अँड्रॉइड ८, ९, १० आणि त्यापुढच्याही आवृत्त्या तयार केल्या. कंपनीनं सोडून दिलेल्या फोनसाठी हे लोक फावल्या वेळात, विनामोबदला राबतात. त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो.

उतरवलेल्या फाइलचं नाव वाचायला शिका. लिनिएजच्या फाइलच्या नावात आवृत्तीचा आकडा, मग बनवल्याची तारीख, मग 'नाइटली' आणि त्यापुढे सांकेतिक नाव येतं. आवृत्तीचा आकडा म्हणजे अँड्रॉइडचा आकडा नव्हे: लिनिएज १८.१ म्हणजे अँड्रॉइड ११, लिनिएज २० म्हणजे अँड्रॉइड १३, लिनिएज २१ म्हणजे अँड्रॉइड १४. नावात 'मिडो' नसेल, तर ती फाइल तुमच्यासाठी नाही. मग कुणी कितीही खात्री देवो. डाउनलोडच्या पानावर फाइलसोबत अक्षरं-आकड्यांची एक लांबलचक ओळ दिलेली असते, तिला चेकसम म्हणतात. संगणकावर फाइलचा चेकसम काढा आणि ताडून पाहा. एक अक्षर जरी वेगळं निघालं, तरी फाइल अर्धवट उतरली आहे किंवा कुणीतरी बदलली आहे.

६. प्रत्यक्ष काम

आधी बॅटरी पाहा. इतक्या वर्षांच्या फोनची मागची बाजू फुगलेली वाटली, तर चार्जिंगला न लावता आधी बॅटरी बदलून घ्या. मग फोटो, संपर्क, व्हॉट्सॲपचा बॅकअप हे सगळं दुसरीकडे न्या. ओटीपीचे कोड बनवणारं एखादं ॲप असेल, तर ते आधी दुसऱ्या फोनवर हलवा. हे विसरल्यामुळे माणसं स्वतःच्याच खात्यांबाहेर अडकतात.

सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'वर जाऊन मियूआयच्या आवृत्तीवर सात वेळा बोट टेकवा. 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतील. तिथे 'ओईएम अनलॉकिंग' आणि 'यूएसबी डीबगिंग' चालू करा. शिवाय 'मी अनलॉक स्टेटस'मध्ये जाऊन आपलं शाओमीचं 'मी' खातं या फोनशी जोडा. त्या वेळी वायफाय बंद आणि सिमचा डेटा चालू ठेवा. नंतर विंडोज संगणकावर मी अनलॉक टूल चालवा. ते बहुधा लगेच काम करत नाही; इतके तास थांबा, असं सांगतं. थांबण्याचा काळ खात्यानुसार बदलतो, तीन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत जातो. मध्ये खातं काढून पुन्हा जोडलं, तर मोजणी पहिल्यापासून सुरू होऊ शकते. तेव्हा धीर धरा.

अनलॉक झाल्यावर फोन बंद करून आवाज कमी करण्याचं बटण आणि पॉवर एकत्र दाबा. पडद्यावर केसाळ टोपी घातलेला ससा अँड्रॉइडच्या रोबोटची दुरुस्ती करताना दिसेल. याला फास्टबूट म्हणतात. संगणकावर 'फास्टबूट' आणि 'एडीबी' या आज्ञा चालवणारी गूगलची 'प्लॅटफॉर्म टूल्स' उतरवून ठेवलेली असली पाहिजेत. फोन केबलनं जोडा आणि 'फास्टबूट डिव्हायसेस' ही आज्ञा रोमन अक्षरांत द्या. एक क्रमांक उमटला, तर संवाद जुळला. काहीच उमटलं नाही, तर फोनला दोष देण्याआधी केबल बदला. कित्येक स्वस्त केबलमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. तरीही जमलं नाही, तर दुसरा पोर्ट, मग ड्रायव्हर.

आता रिकव्हरी. यंत्रणा बसवण्या-पुसण्याचं काम करणारा हा एक वेगळा छोटा विभाग आहे. मूळ रिकव्हरी परकी फाइल घेत नाही, म्हणून फास्टबूटमधून लिनिएजची रिकव्हरी तिथे चढवायची. ती चढली, की फोन नेहमीसारखा सुरू होऊ देऊ नका. लगेच आवाज वाढवण्याचं बटण आणि पॉवर दाबून सरळ रिकव्हरीत शिरा. मूळ मियूआयला एकदा सुरू व्हायची संधी मिळाली, तर ते आपली जुनी रिकव्हरी परत बसवतं आणि तुमचे कष्ट वाया जातात.

रिकव्हरीत आधी 'फॅक्टरी रीसेट' करून डेटा फॉरमॅट करा. मग 'अप्लाय अपडेट', त्यात 'एडीबी'. संगणकावरून 'एडीबी साइडलोड' ही आज्ञा आणि फाइलचं नाव द्या. टक्केवारी चढू लागते आणि पुष्कळदा ४७वर थबकते. संगणकावर आज्ञा वाचता आली नाही अशा अर्थाचा निरोप येतो आणि त्याच ओळीच्या शेवटी 'सक्सेस' असंही लिहिलेलं असतं. माणूस घाबरून केबल उपटतो, ते करू नका. हे यश आहे. फोनच्या पडद्याकडे बघा. तिथे काम पूर्ण झालेलं दिसेल.

प्ले स्टोअर हवं असेल, तर गूगलची ॲप्स आत्ताच, पहिल्यांदा सुरू करण्याआधी चढवायची. लिनिएजमध्ये ती नसतात. ती वेगळ्या गठ्ठ्यातून घ्यावी लागतात, आणि तो गठ्ठा अँड्रॉइडच्या त्याच आवृत्तीचा व मिडोसाठी 'आर्म ६४' प्रकारचा हवा. चढवताना सही जुळत नाही असा इशारा येईल. गठ्ठा लिनिएजनं सही केलेला नसल्यामुळे तो अपेक्षितच आहे, 'यस' म्हणा. आधी फोन सुरू करून नंतर गूगलची ॲप्स टाकली, तर ती सारखी बंद पडतात आणि सगळं पुसून पहिल्यापासून करावं लागतं.

आता फोन सुरू करा. पहिल्या वेळी वेळ लागतो. पंधरा मिनिटं तरी हात लावू नका. यापुढचे अपडेट सेटिंगमधल्या 'अपडेटर'मधून येतात. त्यासाठी संगणक लागत नाही आणि डेटाही जात नाही.

बघा, एवढ्या सगळ्यात रूट कुठे आलं? आलंच नाही.

७. अडलं तर

फोन लोगोवरच अडकला, तर तो मेलेला नाही. रिकव्हरी उघडते का, बघा. उघडली, तर डेटा फॉरमॅट करून फाइल पुन्हा चढवा. रिकव्हरी गेली, पण तो ससा दिसतो? मग कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर 'मी फ्लॅश' या साधनानं परत टाकता येतं. फक्त त्या खिडकीच्या तळाशी उजवीकडे 'क्लीन ऑल अँड लॉक' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो बदलून 'क्लीन ऑल' करा, नाहीतर फोन पुन्हा कुलूपबंद होईल. आणि कस्टम रॉम असताना बूटलोडर लॉक करण्याचा प्रयत्न चुकूनही करू नका. पहारेकरी जागा होईल, सही ओळखणार नाही आणि फोन सुरूच होणार नाही.

शाओमीच्या त्यानंतरच्या काही फोनवर जुनं सॉफ्टवेअर टाकणंही धोक्याचं आहे. २०१८मध्ये रेडमी नोट ५ प्रोवर मागच्या आवृत्तीकडे जाण्यास बंदी घालणारी सोय आली, आणि ती ठाऊक नसताना जुनी फाइल चढवणाऱ्यांचे फोन बंद पडले. ससाही दिसेनासा झाला, तर मात्र ते काम जाणकार दुरुस्तीवाल्याचं.

८. पैशांचे व्यवहार

बँका आणि यूपीआयची ॲप्स फोन अस्सल आहे का, हे गूगलच्या 'प्ले इंटिग्रिटी' या सेवेकडून तपासू शकतात. बूटलोडर उघडा असला, की ती तपासणी पूर्णपणे पार होत नाही, मग रूट असो वा नसो. कुठलं ॲप किती कडक वागेल, हे त्या बँकेवर अवलंबून असतं आणि ते कधीही बदलू शकतं. दुसरंही एक ध्यानात घ्या: कस्टम रॉम अँड्रॉइडमधल्या त्रुटी बुजवतो, पण मोडेमसारख्या भागांतलं बंदिस्त सॉफ्टवेअर चिप कंपनीनं जिथे सोडलं, तिथेच राहतं. म्हणून माझा स्पष्ट सल्ला असा, की या फोनवरून पैसे फिरवू नका. वाचायला, गाणी ऐकायला, मुलांच्या अभ्यासाला, घरातला हॉटस्पॉट म्हणून, आजी-आजोबांच्या व्हिडिओ कॉलसाठी तो उत्तम आहे.

९. तरीही रूट करायचंच असेल

आधी कारण तपासा. नको असलेली ॲप्स काढायची आहेत? संगणकावरून एडीबीच्या आज्ञेनं ती आपल्या खात्यापुरती रूटशिवाय काढता येतात. जाहिराती थांबवायच्या आहेत? अँड्रॉइड ९पासून 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा पत्ता भरला, तरी बराच फरक पडतो. यंत्रणेतल्या फाइल स्वतः बदलायच्या असतील, एखाद्या ॲपचा आतला डेटा जसाच्या तसा जपायचा असेल किंवा लिनक्स शिकायचंच असेल, तर रूटला पर्याय नाही. शिकण्याची हौस हे तर मला सर्वांत चांगलं कारण वाटतं.

त्यासाठी 'मॅजिस्क' वापरा. तैवानच्या जॉन वू यांनी २०१६मध्ये आणलेलं हे साधन यंत्रणेच्या मुख्य भागाला हात लावत नाही, फक्त फोन सुरू करणाऱ्या 'बूट' भागात बदल करतं. तुम्ही चढवलेल्या नेमक्या त्याच रॉमची बूट इमेज फोनमध्ये घ्यायची, मॅजिस्क ॲपकडून तिच्यात बदल करून घ्यायचा आणि तयार झालेली फाइल फास्टबूटमधून चढवायची. मूळ बूट इमेज संगणकावर जपून ठेवा. फोन अडकला, तर तीच परत चढवली की काम होतं. यानंतर एखादं ॲप रूटचे अधिकार मागेल, तेव्हा पडद्यावर विचारणा होईल. का मागतंय हे कळत नसेल, तर 'डिनाय'.

रूट नकोसं झालं, तर मॅजिस्क ॲपमध्येच ते पूर्ण काढून टाकण्याची सोय आहे. बूट भाग पहिल्यासारखा होतो आणि तुमचा डेटा जागेवर राहतो. बूटलोडर मात्र उघडाच राहतो. त्याला पुन्हा कुलूप लावायचं, तर आधी कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत चढवावं लागतं.